बदकांची खोळ

ज्या माणसाला सगळे घाबरतात त्याला एक गोष्ट जन्मभर कळत नाही, ती म्हणजे आपला विनोद चांगला आहे की वाईट. घडी विभागाच्या साहेबांचं नेमकं हेच झालं होतं. बावीस वर्षं ते विनोद करत आले होते आणि बावीस वर्षं विभागातली माणसं हसत आली होती. एवढ्या पुराव्यानंतर कोणालाही वाटेल की आपल्या जिभेला काहीतरी देणगी आहे.

हा विभाग एका मोठ्या धुलाई कारखान्यातला. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांच्या खोळी, डॉक्टरांचे हिरवे गाऊन, सगळं रोज गाड्या भरून यायचं. खाली धुलाई आणि वर घडी, अशी व्यवस्था होती. धुलाईचा प्रमुख डोक्याने तापट, म्हणून त्याला सगळे भट्टी म्हणत. घडीच्या साहेबांना त्यांच्या पाठीमागे इस्त्री म्हणत. भट्टी ओरडायचा आणि पाच मिनिटांत विसरायचा. इस्त्रीसाहेब कधीच ओरडत नसत. कुठे सुरकुती दिसली की ते जवळ येत, गोड हसत आणि मग चटका देत.

त्यांच्या विभागाचा एकच कायदा होता: घडी तिथे बिल्ला. फार वर्षांपूर्वी एका सर्जनला ऑपरेशनच्या गाऊनच्या घडीत कंगवा सापडला होता, आणि तो कंगवा कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तेव्हा साहेबांनी पत्र्याचे गोल बिल्ले करून घेतले. प्रत्येकाला एक नंबर, त्या नंबरच्या बिल्ल्यांचा एक डबा आणि प्रत्येक बिल्ल्याला एक सेफ्टी पिन. घडी घातली की पिन लावायची आणि साहेबांच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवायची. फळीवरून माल बाहेर जायचा, बिल्ले मळक्या कपड्यांबरोबर परत यायचे, आणि रोज संध्याकाळी सात नंबरची मावशी ते मोजून वहीत 'बरोबर' असं लिहायची. एक नंबर साहेबांचा स्वतःचा. दोन ते बारा बाकीच्यांचे. साहेब माणसांना हाकही नंबरानेच मारत, कारण नावं विसरली जातात, नंबर विसरला जात नाही, असं त्यांचं मत होतं.

दुसरी वस्तू म्हणजे बदकांची खोळ. मुलांच्या वॉर्डातली एक पिटुकली उशीची खोळ कधीतरी जोडीतून फुटून मागे राहिली होती. पिवळी, आणि तिच्यावर रांगेने चाललेली बदकं. ज्याची घडी वाकडी निघेल त्याने ती डोक्यात घालून संध्याकाळपर्यंत काम करायचं. सकाळी साहेब हॉलमध्ये आले की पहिला प्रश्न असे, आज बदक कोण? आणि सगळे हसत. चार नंबर तर इतका हसे की त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. साहेब त्याला विभागातला सर्वांत रसिक माणूस समजत.

अशा या सुखी संसारात एका सोमवारी प्रश्नवाली आली. ती मानसशास्त्राची अभ्यासक होती, कामाच्या जागी होणारा छळ आणि कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य यावर संशोधन करत होती. वयाने तरुण, खांद्यावरची पिशवी तिच्यापेक्षा जड. मॅनेजरने दोन्ही विभागांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं, आणि तिने समजावून सांगितलं की छळ म्हणजे नुसतं मारणं-ओरडणं नव्हे. माणसाच्या चुकीऐवजी माणसालाच नाव ठेवणं, चारचौघांना हसायला लावून एकाला एकटं पाडणं, आणि हे रोज रोज करणं, हेही त्यात येतं. अशा जागी काम करणाऱ्यांची झोप उडते, भूक जाते, सुट्टीच्या संध्याकाळीच उद्याच्या विचाराने पोटात गोळा येतो. साहेब जोरजोरात मान डोलावत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर भट्टीचा चेहरा होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसायला माणसाला चष्मा लागत नाही.

मग तिने चार पानी फॉर्म वाटले. बावीस प्रश्न, आणि प्रत्येकासमोर कधीच नाही, क्वचित, महिन्यातून, आठवड्यातून आणि रोज असे पाच चौकोन. शेवटी आणखी काही सांगायचं असेल तर रिकामी जागा. प्रत्येक विभागाला तिने एक बंद खोका दिला, वर बारीक फट असलेला. उद्या अकराला खोके न्यायला येईन, असं सांगून ती एका गोष्टीवर अडून बसली.

"नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा नाही, कसलीही खूण करायची नाही. ज्या फॉर्मवरून माणूस ओळखता येईल तो फॉर्म मी बाद करते. आमच्या समितीचा तसा नियमच आहे."

ती खाली उतरली आणि मॅनेजरला चेव चढला. त्याने स्वतःच्या मनाने एक शेपूट जोडलं: ज्या विभागाचा निकाल वाईट येईल त्याच्या प्रमुखाला सहा महिने साबणाच्या गोदामात पाठवणार. गोदाम तळघरात होतं. तिथे साबणाच्या पोत्यांखेरीज होता फक्त एक म्हातारा, आणि तोही दिवसभर शिंकायचा. साहेबांनी भट्टीकडे दयेने पाहिलं. बिचाऱ्याला धुळीचा त्रास होता.

स्वतःचा फॉर्म साहेबांनी मन लावून भरला. मॅनेजर आपल्याला नमस्कार करत नाही: रोज. धुलाई विभाग मुद्दाम ओलसर चादरी पाठवतो: आठवड्यातून. तुमच्या कष्टांची कदर होते का, या प्रश्नावर तर त्यांनी 'कधीच नाही'वर दोनदा खूण केली. रोज नवा विनोद सुचणं किती अवघड असतं हे करणाऱ्यालाच ठाऊक, असं त्यांनी रिकाम्या जागेत लिहिलं, फॉर्मची तिहेरी घडी घातली आणि फळीवर ठेवला.

आता इथे गंमत झाली. घडी विभागातल्या माणसांना कागद दुमडून कोंबणं माहीतच नव्हतं. सगळ्यांनी हाताच्या सवयीने खोळीसारखी तिहेरी घडी घातली. ती जाड घडी खोक्याच्या फटीतून जाईना. जे बाहेर जायचं ते फळीवर ठेवायचं हेही हातांना पाठ होतं, आणि फळीवर जाणाऱ्या घडीला काय लावायचं हे सांगायला तर डोक्याची गरजच नव्हती. हातांनी डोक्याला न विचारता आपलं काम केलं.

सहा वाजता हॉल रिकामा झाला आणि साहेब फळीपाशी आले. बारा फॉर्म, बारा तिहेरी घड्या, एकही कोपरा बाहेर नाही, आणि प्रत्येकीवर बिल्ला. त्यात त्यांचा स्वतःचा एक नंबरही. पहिल्यांदा त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. बाहेर जाणाऱ्या मालातल्या दोन-चार घड्या उघडून पाहायच्या हा त्यांचा रिवाज होता. शिवाय कौतुक वाचायला कोणाला नको असतं. त्यांनी चार नंबरची घडी आधी उघडली.

इच्छा नसताना हसावं लागतं का, या प्रश्नासमोर चार नंबरने 'रोज'वर खूण केली होती. खाली लिहिलं होतं, 'जबडा दुखतो. दातांच्या डॉक्टरांकडे तीनदा गेलो. ते म्हणतात दात ठीक आहेत.'

साहेबांनी पुन्हा बिल्ला पाहिला. चारच होता. त्यांनी दोन नंबर उघडला: 'साहेब माझ्या बोटांना भेंड्या म्हणतात. मी हल्ली बसमध्ये हात पदराखाली ठेवते.' नऊ नंबरने पोटात गोळा येतो का, या प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या होत्या. अकरा नंबर नवा होता, त्याला अजून नीट राग यायलाही लागला नव्हता, त्याने फक्त विचारलं होतं की बदक न होता घरी जाण्याचा काही मार्ग आहे का. साहेब उभ्याउभ्या वाचत गेले आणि शेवटी सात नंबरवर आले. मावशी त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होती. तिने बहुतेक खुणा 'क्वचित'वर केल्या होत्या, म्हणून त्यांना जरा हायसं वाटलं. मग त्यांनी खालची रिकामी जागा वाचली.

'खोळ लहान आहे, घट्ट होते. एकदा माझी मुलगी डबा द्यायला आली तेव्हा खोळ माझ्या डोक्यावर होती. तिने काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती डबा द्यायला येत नाही.'

साहेब खुर्चीत बसले. आधी त्यांना संताप आला. बावीस वर्षं सांभाळलं, आणि हे पांग फेडले. बरं, कोणी काय लिहिलं ते नंबरासकट हातात होतं. उद्यापासून एकेकाला बघून घेता आलं असतं. मग त्यांना प्रश्नवालीचा नियम आठवला आणि ते खुर्चीत सावरून बसले. खूण असलेला फॉर्म बाद. बाराच्या बारा बाद. घडी विभागाचा निकालच नाही, म्हणजे गोदामात भट्टी जाणार. यात त्यांना काहीच करायचं नव्हतं. त्यांनी फक्त आपला बावीस वर्षांचा कायदा पाळायचा होता. सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी सगळ्या घड्या पूर्ववत घातल्या, बिल्ले होते तसे लावले आणि ते घरी गेले.

पण जेवण काही जाईना. बायको समोर बसली होती. त्यांनी इकडचंतिकडचं बोलून शेवटी विचारलं की मी माणूस म्हणून कसा आहे. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तेव्हा त्यांनी फॉर्मची हकीकत सांगितली, अर्थात भट्टीच्या विभागात असं असं घडलं म्हणून. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचे कपडे तुम्हीच का घडी घालता, आठवतंय?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, त्यात काय आठवायचं, माझ्यासारखी घडी कोणाला जमते.

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तुमच्या सदऱ्याची घडी घातली होती. तुम्ही ती शेजाऱ्यांना दाखवून हसलात. मी म्हटलं, ठीक आहे, आजपासून तुमचे कपडे आणि तुम्ही. मी भांडले नाही, सोडून दिलं." तिने त्यांच्यासमोरची ताटली उचलली. "मला सोडून देता आलं. तुमच्या त्या भट्टीच्या माणसांना कुठे सोडता येतंय? त्यांना पगार लागतो."

साहेबांना लाज वाटली. तीस वर्षं ज्या गोष्टीचा त्यांनी अभिमान बाळगला होता ती शिक्षा निघाली होती, आणि ती भोगताना ते मजेत शीळ घालत आले होते. त्यांचे कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी ते साडेसातलाच कारखान्यात पोचले. हॉल रिकामा होता. फळीवर बारा घड्या तशाच होत्या. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांना गोदामातला म्हातारा आठवला, त्याच्या शिंका आठवल्या, जिना उतरताना भट्टी आपल्याकडे कसा पाहील ते आठवलं, आणि अकरा वाजेपर्यंत नुसतं गप्प बसलं तर यातलं काही होणार नाही हेही आठवलं. मग त्यांनी दोन नंबरची पिन उघडली.

पिना काढणं सोपं गेलं. घड्या मोडणं जिवावर आलं. ज्या माणसाने आयुष्यात घडी फक्त घातली त्याने अकरा सुरेख घड्या उलगडल्या, तळहाताने कागद सपाट केले आणि एकेक करून फटीतून आत सरकवले. अकरा बिल्ले खिशात टाकले. बारावा फॉर्म हातात राहिला. मॅनेजर नमस्कार करत नाही, विनोद सुचणं अवघड असतं. तो त्यांनी बिल्ल्यासकट खोक्यावर ठेवून दिला. बाद झालेलाच बरा, असं त्यांना मनापासून वाटलं.

आठ वाजता अकराजण जिना चढून आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी. वाटेतच चार नंबरला आठवलं होतं की आपण फॉर्मला बिल्ला लावला, आणि त्याने हे सांगताच बाकीच्यांनाही आपापले हात आठवले होते. सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी. खोक्याकडे पाहिलं. खोका भरलेला, आणि वर एक नंबरचा बिल्ला चमकतोय. साहेब टेबलाशी मान खाली घालून चादरी मोजत होते. आज बदक कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्यामुळे सगळे आणखीनच घाबरले, आणि त्या दिवशी हॉलमध्ये एकही घडी सरळ पडली नाही.

अकराला प्रश्नवाली खोका आणि त्यावरचा बिल्ल्याचा फॉर्म घेऊन गेली. संध्याकाळी मावशीने बिल्ले मोजले. दोन ते बारा, प्रत्येकाच्या डब्यातला एक कमी होता. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या सदऱ्याचा खिसा दगड भरल्यासारखा खाली ओढला गेला होता, आणि ते हलले की वाजत होता. मावशीने वही उघडली आणि लिहिलं, 'बरोबर.'

पंधरा दिवसांनी वरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर निकाल लागला. भट्टीच्या माणसांनी लिहिलं होतं की तो ओरडतो फार, पण कोणाचं मूल आजारी असलं की औषध मिळालं का हेही ओरडूनच विचारतो. घडी विभागाचे आकडे ऐकून मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठला. प्रश्नवालीने सांगितलं की घडीचे अकरा फॉर्म धरले आणि एक बाद करावा लागला, कारण त्यावर नंबराचा बिल्ला होता.

"एक नंबर कोण ते मला माहीत नाही आणि सांगूही नका," ती फार कळवळून म्हणाली. "पण तो माणूस सर्वांत जास्त त्रासात आहे. त्याला सांभाळून घ्या."

चार नंबरने दोन्ही हातांनी जबडा गच्च धरून ठेवला. साहेब जमिनीकडे पाहत होते.

सोमवारी ते गोदामात रुजू झाले. टेबलाचा खण रिकामा करताना बदकांची खोळ हाती लागली होती. मागे ठेवली तर नव्या साहेबाला सापडेल, म्हणून तीही त्यांनी पिशवीत टाकून आणली होती. गोदामातल्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं की डोकं झाकून घ्या, साबणाची भुकटी केसांत बसली आणि घाम आला की फेस येतो. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. दुपारी फेस आला. पिशवीत डोक्याला बांधण्याजोगं दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी खोळ डोक्यात घातली. ती कानांच्या वर आवळून बसली आणि तासाभरात कपाळावर वळ उठला. उद्या घरून रुमाल आणायचा असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. रुमाल काही त्यांनी आणला नाही. माल न्यायला माणसं येत, त्यांच्या डोक्याकडे बघत आणि नजर चुकवून साबण घेऊन जात. कोणी हसत नव्हतं. कोणीतरी एकदा हसून मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटे.

तिसऱ्या आठवड्यात डाग काढायची वडी घ्यायला मावशी आली. तिने मागणीची चिठ्ठी पुढे केली, साहेबांनी वड्या मोजून दिल्या, तरी ती जाईना.

"साहेब, अकरा बिल्ले कमी आहेत. मी पाच आठवडे बरोबर लिहितेय. आता द्या."

साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढून दिली. मावशीने ती उघडली आणि पिना लागलेले बिल्ले दोन ते बारा असे ओळीने लावून पाहिले. सगळे होते. तिने पुडी कनवटीला खोचली आणि मगच त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं.

"घट्ट होते ना?"

"होते, मावशी," साहेब म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी तिला नंबराशिवाय हाक मारली नव्हती. "मला माहीत नव्हतं. तुमची मुलगी... मला खरंच माहीत नव्हतं. चुकलं माझं."

मावशी चादरीची घडी शिकवावी तशा स्वरात बोलली.

"शिवण मागे घ्या. दोन्ही कोपरे आत मुडपा, म्हणजे कानांना लागत नाही. चार नंबरने शोधून काढलंय. आम्ही सगळे तशीच घालायचो, तुमची पाठ वळली की."

साहेबांनी खोळ काढली. शिवण मागे घेतली, कोपरे मुडपले, अगदी मापात, दोन्हीकडे सारखे, आणि पुन्हा डोक्यात घातली. मुडपल्यामुळे दोन बदकांची नुसती शेपटं कानांपाशी वर आली होती. त्यांनी मान इकडे तिकडे वळवून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं की हो, आता बसली.

मावशी वड्या घेऊन वळली. जिन्याच्या चार-पाच पायऱ्या ती नीट चढली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, कठड्याला धरून, थांबून, पुन्हा सुरू. असं हसू साहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये रोज ऐकायचे त्याच्याशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. ती वरच्या मजल्यावर पोचून आवाज बंद होईपर्यंत ते हातात साबणाचं मापटं धरून तसेच उभे राहिले आणि मग पुढचं पोतं उघडायला गेले.